लाटेचं टोक

१२ जाने., सोमवार

भैरीच्या जत्रेची लाट कापून झाली एकदाची. किंजळीचं लाकूड, सरळसोट, गाठ म्हणून नाही. आमच्या लाकडाच्या गिरणीतल्या सदूनं सकाळीच करवतीवर घेतली, चारी बाजू काढून जेवायच्या आत मोकळा. गिरणीबाहेर निम्मा गाव जमलेला, जत्रा इथेच असल्यासारखा. जुनी लाट पावसाळ्यात वाळवीनं खाल्ली म्हणून ही सगळी घाई. ओलं लाकूड चैत्रापर्यंत वाळणार कसं, हे विचारायचं नाही. विचारलं की मी अपशकुनी.

दुपारी उभी राहून दोन्ही टोकांना डांबर लावून घेतलं, मेण घालून, गरम गरम. टोकातून ओल भसाभस जाते, मधून सावकाश. त्या ओढाताणीत लाकूड टोकाकडून फुटतं. सदूला दरवेळी सांगावं लागतं. "म्हाईत हाय वैनी" म्हणतो आणि विसरतो.

निलेश लाटेवर बसून फोटो काढत होता. ओरडले. तर म्हणे, "आई, चैत्रात टांगून घ्यायचंच हाय, आता बसलो तर काय बिघडलं?" सत्तावीस वर्षांचा घोडा झालाय, अक्कल तेवढी बाकी आहे.

१५ जाने., गुरुवार

ह्यांनी आज विचारलं, नवस असला कसा बोललीस? नारळ नाही, कोंबडा नाही, थेट लाट?

पनवेलच्या हॉस्पिटलात पोर काचेपलीकडे नळ्या लावून पडलेलं. हरिहरेश्वरचं भाडं घेऊन जाताना घाटात गाडी उलटली तेव्हा. त्या वेळी नारळावर भागेल असं वाटलं नाही. म्हटलं, भैरीबाबा, माझा निलेश उठू दे, तुझ्या लाटेला लावीन. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. गिऱ्हाइकांशी मी हवी तेवढी घासाघीस करते, देवाशी नाही करणार.

आणि पूर्वीसारखा पाठीत लोखंडी गळ काही आता कुणी टोचत नाही. उभ्या खांबावर लाट आडवी चढवायची, एका टोकाला नवसाचा माणूस कमरेला शेला नि दोर बांधून, दुसऱ्या टोकाला ओढणारे. गरागरा फिरवतात. इतकी वर्षं बघतेय, कुणाला कधी काही झालेलं नाही.

३ फेब्रु., मंगळवार

लाट ट्रॅक्टरनं देवळाकडे नेली. दत्ताभावजी आले होते. ह्यांचे चुलतभाऊ, देवस्थानचे अध्यक्ष. सांगितलं, सावलीत ठेवा, खाली ठोकळे घाला, टोकांना हात लावू नका. हो हो म्हणाले. हो म्हणताना फोनवर दुसऱ्याशीच बोलत होते.

१६ फेब्रु., सोमवार

काल शिवरात्र. देवळात गेले तर लाट मंडपाबाहेर, भर उन्हात. टोकं पांढरीफटक. डांबर तासून काढलंय!

भावजी म्हणाले, "वैनी, देवाच्या वस्तूला काळं? लोक काय म्हनतील? पाडव्याला शेंदूर चढंल, तवर ऱ्हाऊ दे तशीच."

"पाडव्याला महिना हाय भावजी. फुटंल."

"देवाची लाट फुटत न्हाय."

संपलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपरचं पान उलटलं. चुलतभावापुढे जन्मात तोंड उघडलेलं नाही, आता कुठून उघडणार.

२५ फेब्रु., बुधवार

मतलई सुटलाय. जमिनीवरचा कोरडा वारा, सकाळी ओठ फुटतात.

पांढरं मेण वितळवून डब्यात नेलं. काळं चालत नाही ना, मग हे घ्या. टोकाशी वाकून बघितलं, मधून बाहेर केसासारख्या चिरा गेलेल्या. सात-आठ तरी. डबा उघडला तर भावजी म्हणाले, बाईचा हात नको आता लाटेला. गिरणीत होती तोवर माझाच हात चालत होता. मीच उभी राहून कापून घेतली, मीच टोकांना डांबर लावून घेतलं. तेव्हा कुणाला बाई दिसली नाही.

डबा तसाच परत. मेण वाटेत गोठलं. रागानं घरी आल्यावर जेवलेच नाही.

७ मार्च, शनिवार

सदूला बघायला पाठवलं, त्याचा हात चालतो. येऊन म्हणाला, "एक चीर मोठी झालीय वैनी. दोर बांधायच्या खाचेकडं चाललीय."

किती आत?

"आत कोन जातंय बघायला?"

तेच तर. मागे एका दाराच्या चौकटीचं लाकूड असंच होतं. बाहेरून नखाएवढी चीर, कापलं तर आत हातभर. तेव्हा चौकट होती, फेकून दिली. इथे त्या चिरेच्या पुढ्यात माझा निलेश लोंबणार.

माणगावला जाऊन लोहाराकडून लोखंडी पट्ट्या करून घेतल्या, टोकाभोवती आवळायला. चीर असली तरी उघडणार नाही.

१८ मार्च, बुधवार

भावजी कबूल झाले! उद्या पाडवा. शेंदराआधी सदूनं जाऊन पट्ट्या ठोकायच्या. त्यांना चहा दिला, वर लाडू दिला. त्याआधी माडाची हीर, झाडूची काडी, घालून चीर किती आत गेलीय तेही बघून घे म्हटलं सदूला. आज बऱ्याच दिवसांनी घास गोड लागला.

१९ मार्च, पाडवा

सदू पोचायच्या आत शेंदूर लावून झालेला. मुहूर्त लवकरचा निघाला म्हणे.

मी धावत गेले. टोक लालभडक. तेलात कालवलेला शेंदूर, बोटभर जाड थापलाय. इतकं सुंदर दिसत होतं. एक चीर दिसेना. मलाही क्षणभर वाटलं, चीर नव्हतीच, माझंच मन खातंय मला.

"भावजी, पट्ट्या..."

"आता देवाच्या अंगात खिळं मारू व्हय?"

खरवडायचा तर प्रश्नच नाही. शेंदूर चढला की ते लाकूड राहत नाही. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच हात जोडले आणि मागे फिरले. पट्ट्या गिरणीत पडल्यात.

२४ मार्च, मंगळवार

निलेशला सगळं सांगितलं. म्हटलं, नको बसूस.

"तूच बोललीस ना नवस?"

मीच बोलले.

"आई, मी त्या काचेच्या आत व्हतो. परत आलो. ते फुकट न्हाय आलो." त्याचा आवाज इतका शांत की मला रडूच फुटलं. एरवी सगळ्याची चेष्टा करणारा पोरगा. यंदा नवसाचे तिघे आहेत, पहिला मान त्याचा. हा मागे हटला तर दुसरा बसेल. त्यालाही आई असेलच.

नवस मोडावा, तर देवानं दिलेलं देव परत नेईल. फेडावा, तर ती चीर. दोन्हीकडून त्याच्याच जिवाशी येतं. कुणाला विचारू? ह्यांना विचारलं तर म्हणतात, बघू. काय बघू?

३० मार्च, सोमवार

बहिणीचा फोन. जत्रेला येतेय. बोलता बोलता मी म्हणाले, निलेशला तुझ्या हातच्या तांदळाच्या तळलेल्या बोरांची फार आवड होती. होती! जीभ चावली. फोन ठेवून देवाजवळ दिवा लावला. तो विझला, परत लावला. खिडकी उघडी होती, वारा होता, बाकी काही नाही.

२ एप्रिल, गुरुवार. जत्रा

घरी आलेय, नैवेद्याचं ताट न्यायला. ताट भरायच्या आधी लिहितेय. आत्ता लिहिलं नाही तर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी पूजा. लाट अजून खालीच, ठोकळ्यांवर. नवसकऱ्याच्या आईनं लाटेला लांबूनच ओवाळायचं. ओवाळलं. मग उदबत्ती. पेटलेली उदबत्ती शेंदरात खोचायची असते, एवढं आम्हाला चालतं. सगळ्यांनी वरच्या अंगाला खोचल्या. मी टोकाशी गेले. चीर मधोमध होती, मला पाठ आहे. तिथे काडी टेकवली आणि दाबली.

काडी आत गेली. शेंदूर बोटभर, तो संपला. लाकूड लागायला हवं होतं. लागलं नाही. काडी जात राहिली, अडखळली नाही, मोडली नाही, मसाल्यासकट सगळी गेली आणि निखारा शेंदराला लागून विझला.

मी ओरडायला तोंड उघडलं तोवर मागून कुणीतरी म्हणालं, "घेतली! देवानं काडी घेतली!"

भावजींनी तर हातच वर केले. "वैनी, कौल दिला! अजून काय पायजे तुमाला?" गुलाल उधळला. बायका माझ्या पाया पडल्या. मी म्हणत होते, अहो चीर आहे, आत पोकळ आहे, पण ढोलात माझं मलाच ऐकू येईना. निलेश समोर उभा, डोळे भरलेले, हात जोडलेले. माझ्याकडे नाही, टोकाकडे बघत होता.

सदू मात्र खाली मान घालून उभा होता. त्याला कळलं.

घरी येताना ठरवलं. लाट दुपारी जेवणं झाल्यावर चढते. त्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, काडी देवानं घेतलेली नाही, चिरेनं घेतलीय. नवस मी बोलले होते, मीच मोडतेय. काय व्हायचं ते माझं होऊ दे, माझ्या पोराचं नको. ऐकतील का, माहीत नाही. कौल मिळाल्यावर गाव ऐकतं थोडंच. वेडी म्हणतील, भैरीचा कोप होईल म्हणतील. उद्या निलेशच्या डोक्यात नुसतं दुखलं तरी सगळे माझ्याकडे बोट दाखवतील, आणि मीही दाखवीन.

ह्यांना आत्ताच सांगितलं. हे उठून उभे राहिले, परत बसले. मग म्हणाले, "चल, मी येतो." चपला शोधतायत.

लाट चढवायचे ढोल सुरू झाले. इतक्यात? अजून जेवणं व्हायचीत.

माझ्यामागून घरी आलेल्या निलेशला हाक मारली. ओ नाही. खुंटीवर त्याचा शेला नाही.

ताट राहू दे. निघते.