माळ्यावरचा झाडू

बुधवार, संध्याकाळ

समोरचा रस्ता खोदलाय, धूळच धूळ. बाबांचा दमा उसळला म्हणून सकाळपासून खिडक्या बंद, दाराच्या फटीत ओलं फडकं, आणि त्यांचं बुधवारचं खजराना गणपतीचं दर्शनही बंद. रुसून बसलेत. एवढं करूनही खोकला थांबेना. का?

चारला शेजारच्या कल्पनाताई आल्या. दवाखान्यात नर्स आहेत. मी तिसऱ्यांदा झाडू मारत होते.

"अगं, खिडक्या लावून आतच धूळ उडवतेस, और दोष रस्त्याला? झाडू ठेव. गीला पोछा मार बस."

खरं सांगायचं तर राग आला. आम्ही इंदौरवाले, फरशीवर धूळ दिसली की लाजच वाटते, हात झाडूकडे जातोच. पण पोछा मारला. आत्ता सात वाजलेत, बाबांचा खोकला बराच कमी आहे.

"पुढच्या बुधवारी जाणार," म्हणाले.

"हवा बरी असली तर. आणि एन-९५ मास्क लावून."

"ठीक है."

झाडू माळ्यावर टाकला. उद्या सकाळी हात पुन्हा तिकडे जाईल, मला माझी सवय माहीत आहे. म्हणून माळ्यापर्यंत पोचायचं स्टूल बाबांच्या पलंगाखाली ठेवलंय. आता झाडू हवा असेल तर त्यांची परवानगी घ्यावी लागेल.