केकवरचं नाव

शनिवार, व्हाइटफील्ड

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मंदारने आज आम्हा दोघांना गच्चीवरच्या महागड्या हॉटेलात नेलं. सुट्टीला आलोय, परक्या शहरात मुलाचा थाट बघून मी खूश होते. वेटरने केक आणला, "सरी अंकल, कट माडी" म्हणाला, म्हणजे कापा आता. सून म्हणाली, "बाबा, आधी उखाणा."

ह्यांनी सुरुवात झोकात केली. "बंगळुरूच्या गच्चीवर गार गार वारा..." आणि थांबले. मुलांना वाटलं, लाजतायत. मी समोरच होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली केककडे, आणि क्रीमची अक्षरं लावल्यासारखं म्हणाले, "सुलभा... सुलभामुळे फुलला संसार सारा." टाळ्या पडल्या.

केककडे का पाहिलं? वाचलंच ना त्यांनी? मंदारला सांगू का? पण सांगू काय?

हे नाव त्यांनीच ठेवलेलं, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून. माहेरचं तेव्हाच सुटलं.

घरी ते मला नुसतं "अगं" म्हणतात. म्हणजे नाव कधी गेलं, ते मला कळायची सोयच नव्हती.