डिस्कोची कॅसेट

वेरावळ बंदर
१२ जानेवारी १९८८

वसुताई,
इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे, जेवण पोटभर मिळतं. तू दिलेली गझलची कॅसेट बोटीवर कुणी लावू देत नाही, घर आठवतं म्हणतात. भजनाची कॅसेट बोट चालवणारा तांडेल पहाटे लावतो, धीर येतो. डिस्कोची गाणी भिकार, पण जाळं ओढताना हात भराभर चालतात.

तार मिळाली असेलच. गेल्या मंगळवारी आवाज मीच पूर्ण वाढवला होता. गाणं संपलं तेव्हा आपला शेजारी भीमा बोटीवर नव्हता. दोन दिवस शोधला.

आईचा खोकला थांबला का?

भीमाची बायको मालू विचारील, पडताना त्याने हाक मारली का. नाही म्हणून सांग. मला फक्त गाणंच ऐकू येत होतं.

तुझा,
सूर्यकांत