हळू विंचर

५ मार्च
एकदाचं घर लागलं. दोन खोल्या, मधे न्हाणीघर आणि त्यात खराखुरा टब. या टबासाठीच तर हे घर भाड्यानं घेतलं. ताईचे सांधे सकाळी लाकडासारखे होतात, डॉक्टरीणबाईंनी रोज कोमट पाण्यात बसायला सांगितलंय. आज ती गळ्यापर्यंत पाण्यात बसली आणि डोळे मिटून म्हणाली की आपण आता राणीसरकार, दासीनं पाठ चोळावी. चोळली. आई गेल्यापासून तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या. आता माझी पाळी. शिलाईचं मशीन खिडकीशी लावलंय. दुकानातून पँट्स आणायच्या, उंची कमी करून द्यायच्या. उजेड छान येतो.

८ मार्च
टब तुंबला. ताईला बाहेर काढून कोरडं केलं तरी पाणी हलायला तयार नाही. मगानं उपसलं, जाळी काढली, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. नुसता फेस. मग हँगरची तार वाकवून आकडा केला. केस आले, लांबच्या लांब, पांढरे. ताईचेच असणार, माझे तर मानेपर्यंतही पोचत नाहीत. पण इतक्यात इतके? कागदात गुंडाळून टाकले. पाणी गटागट गेलं. ताईला म्हटलं, टक्कल पडेल अशानं. ती म्हणाली, पडू दे, तुझी एक कटकट मिटेल.

१३ मार्च
पुन्हा तुंबला. प्लंबरला बोलावलं. हसतमुख माणूस, म्हणे बायकांच्या केसांवर तर आमची चूल पेटते. त्यानं लांब स्प्रिंग भोकात सोडली. सगळीच्या सगळी आत गेली. वळण नाही, तळ नाही. तेव्हा त्याचं हसणं थांबलं. पाइप रस्त्याच्या गटाराला मिळायला हवा, हा खालीच चाललाय, असं स्वतःशीच पुटपुटला. स्प्रिंग बाहेर आली ती गरम होती. माणसाच्या अंगाइतकी. मी चहा टाकला होता. तो न पिताच गेला.

१५ मार्च
दुपारी मीच आकडा घेऊन बसले. ताई आतल्या खोलीत पलंगावर पडली होती. केसांचा शेंडा हाती लागला, बोटाला गुंडाळून ओढला.
आतून ताई कुरकुरली, "अगं, हळू विंचर. विंचरतेस की उपटतेस?"
हातातलं टाकून धावले. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, एकटीच. म्हटलं, ताई, मी तर न्हाणीघरात होते. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाली, मग इतका वेळ माझ्या केसांत कुणाचा हात होता?

१६ मार्च
खात्री करून घेतली. एकच केस ओढला. दारातून दिसत होतं, ताईचा हात डोक्याकडे गेला.
घरमालकीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, आधी एक जोडपं राहायचं. नवरा सोडून गेला असावा, कारण बायको एकटीच निघाली. मी विचारलं, टबाबद्दल काही बोलली होती का? म्हणाल्या, तुंबतो म्हणायची. तेवढंच. जाताना मात्र तिच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या.

१८ मार्च
घर सोडायचं ठरवलं. टॅक्सी बोलावली. ताई उंबऱ्यापर्यंत आली आणि मान मागे गेली, कुणी वेणी धरावी तशी. म्हणाली, पुढे येता येत नाही गं. मी दंडाला धरून ओढलं तर कळवळली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला.

२० मार्च
मी ओढत नाही, तरी ते आतून ओढतंय. पलंग न्हाणीघराच्या भिंतीला जाऊन टेकलाय. ताई निम्मी झालीय. भोकातले केस शिवणाच्या कात्रीनं कापून टाकले. त्या क्षणापासून तिचा डावा हात निर्जीव पडलाय. कात्री खिडकीतून फेकून दिली.

२२ मार्च
भोकात पुन्हा केस आलेत, ते धरून बसते. ओढायचं नाही, सोडायचंही नाही. पीळ तळहातात रुततो. दुकानातून फोन येत राहतात. जरा डोळा लागला – ताई पलंगावरून खाली. फरशीवर न्हाणीघराकडे पुढे पुढे –

२३ मार्च
तिला टबाशेजारी आणलं. डोकं माझ्या मांडीवर. वजनच नाही. मला आई म्हणून हाक मारते. मी ओ देते.

२४ मार्च
मांडी रिकामी. टबात फक्त तिचा गाऊन. वेणी अजून माझ्या हातात आहे, भोकातून खाली ताणलेली – गरम आहे, म्हणजे ती आहे –

एका हातात वेणी, एका हातात पेन. कुणाला तरी कळायला हवं, मी तिला टाकलं नाही.

आवाज खालून येतो. ताई म्हणते, सोड आता, तुझा हात दुखेल. अजून माझ्याच हाताची काळजी. मी म्हटलं नाही सोडणार – निसटतेय – एका हातानं नाही जम