योगिताची अठरा इंची चाकं

प्रिय पुष्पे,

मुद्दाम कागदावर लिहितेय. तुझा फोन हल्ली रस्ता दाखवायला योगिताबाईंच्या पुढ्यात टांगलेला असतो. माझा मेसेज मध्येच उगवला तर त्या वळण चुकायच्या, आणि वर तुझ्याआधी वाचायच्या. पत्राचं बरं असतं, ते फोडावं लागतं. तेव्हा हे ठाण्याच्या घरी, एकटी असताना फोड. आणि अर्ध्यावर ‘झालं हिचं सुरू’ म्हणून बाजूला टाकू नकोस. माझं सुरू होणार आहेच, पण शेवटपर्यंत वाच.

तुम्ही दोघी येऊन गेल्यापासून इकडे तुमच्या गाडीशिवाय विषय नाही. मोखाड्याला ऑफिसात माझ्या टेबलाशी येणारा माणूस आधी गाडीचं विचारतो, मग स्वतःच्या कामाचं. आमचा शिपाई ढवळू तर जणू गाडी त्यानेच बांधली असं सांगत सुटलाय, की बाईंच्या मैत्रिणीच्या गाडीत ओटा आहे, गॅस आहे, पंखा आहे, पलंग आहे. परवा एकाने त्याला विचारलं, “मग तिला घर कशाला पाह्यजे?” ढवळू म्हणाला, “घर गाडी लावायला.” मी हसले. मनात म्हटलं, आणि मैत्रीण कशाला पाहिजे, तेही सांग की रे. गाडीला बाहेरून हात लावून बघायला!

तू म्हणशील, जळतेय. जळतेय बाई. जामसरच्या दोन पोरी आपण, जव्हारच्या वसतिगृहात एका ताटात जेवलेल्या. नोकरी संपली की दोघींनी देश बघायचा हे ठरलं तेव्हा तुला ही योगिता माहीतही नव्हती. मग तू नर्स होऊन ठाण्याला गेलीस, मी कारकून होऊन मोखाड्याला. मी निवृत्तीची तारीख यायची वाट बघत बसले आणि तू लवकर निवृत्ती घेऊन, वॉर्डातल्या मैत्रिणीच्या भागीत गाडी घेऊन निघूनही गेलीस. तुझी स्टेटसं मी रोज बघते. कुठला तरी समुद्र, त्यावर मावळता सूर्य, आणि पुढे ओट्यावर चहाचे दोन कप. दोनच. तिसरा कप गाडीत नसेल असं नाही, पण फोटोत कधी आला नाही. आमचे तुळशीदासराव माझ्या खांद्यावरून डोकावून विचारतात, “काय म्हणते तुझी सवत?” मी त्यांना आमटी जरा कमीच वाढते त्या दिवशी.

आता चाकांचं. तुझ्या पन्नाशीला योगिताबाईंनी तुला ही चाकं भेट दिली. आधीची पंधरा इंची लोखंडी, काळी, गरीब दिसणारी. ती काढून ही अठरा इंची, चांदीसारखी, मध्ये फुलाच्या पाकळ्या. माणसं साडी देतात, कानातले देतात. हिने चाकं दिली. म्हणजे रोज, प्रत्येक रस्त्यावर, ती तुझ्या खाली असणार. मला हे सुचलं नसतं, हेच मला जास्त लागलं. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा टाकून या चाकांची माहिती वाचत बसले. हिने केलेलं काहीतरी चुकलेलं असणारच, या एका श्रद्धेने. आणि काय सांगू, देवाने ऐकलं.

पुष्पे, चाक मोठं झालं म्हणजे सगळंच मोठं होत नाही. बाहेरचा घेर तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर ते गाडीच्या अंगाला घासतं. मग आतला धातू वाढला की बाहेरचं रबर घटतं. तुझ्या जुन्या टायरची कड नागलीच्या भाकरीसारखी जाडजूड होती. आता तिथे पापडाची कड आहे. खड्डा खातं ते रबर आणि त्यातली हवा. तेच कमी झालं, तर खड्डा खायचा कोणी? बसणाऱ्याने. त्यात तुझं ते अख्खं घर जड, म्हणून त्या एवढ्याशा रबरात हवा ठासून भरावी लागते, म्हणजे तेही दगड. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी वळणाला छान चिकटून धावते म्हणे. असेल. पण जव्हारहून मोखाड्याला गुळगुळीत रस्त्याने कोण गेलंय? तुझ्या रामीकाकूने जामसरला एका नजरेत ओळखलं. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “एवढी मोठी गाडी, नं रबर एवढासाच? पैसं सरलं काय गो?” तू आणि योगिता हसलात. मीही हसले, पण माझं हसणं वेगळ्या खात्यातलं होतं.

त्या दिवसाचं मी मनात किती वेळा उलटसुलट केलंय. जव्हारला मला घ्यायला आलात तेव्हा योगिताबाई स्टिअरिंगवर, तू शेजारी, आणि माझ्यासाठी मागचा सोफा. “प्रमिलाताई, मागे ऐसपैस बसा, पाय वर घेऊन.” ऐसपैस! मागच्या चाकाच्या बरोबर डोक्यावर. आपल्या जीपमध्ये ही जागा कोणाला देतात तुला माहीत आहे. पुढे मानाचा माणूस, मधल्या सीटवर पोटुशी, आजारी, नुकतं टाके घातलेलं कोणी. आणि मागच्या बाकड्यावर ज्यांचं कोणी काही लागत नाही ते. आपला ड्रायव्हर सावळा अजूनही ओरडतो, “धडधाकट मागं सरका, अजून एक माणूस बसल.” इतकी वर्षं मी त्या बाकड्यावरून ऑफिसला गेलेय, माझं काही वाकडं झालं नाही. पण तुझ्या गाडीत तू मला तिथे बसवलंस, ते मात्र खोल रुतलं.

शिरपामाळच्या रस्त्याला लागलो. एका स्पीडब्रेकरवर मी सोफ्यावरून उठून पुन्हा सोफ्यावर आले, पण मधल्या काळात कुठे होते ते माहीत नाही. ओट्यावरचे डबे टाळ वाजवत होते. तेव्हा मी इतकंच म्हटलं, की गाडी फार आपटते गं, आधीची चाकं बरी होती. तू मागे न बघता म्हणालीस, “प्रमे, तुला ना, सगळंच टोचतं.” आणि योगिताबाई आरशातून माझ्याकडे बघून गोड हसल्या. त्या हसण्याला मी आजवर माफ केलेलं नाही, पुढेही करायचा विचार नाही.

पण शिरपामाळवर फोटो काढून परत निघालो तेव्हा काय झालं? तू पुढे बसली नाहीस. ओट्याशेजारची ती घडीची खुर्ची उघडलीस आणि गाडीच्या मधोमध, माझ्यासमोर येऊन बसलीस. योगिताबाई म्हणाल्याही, “अगं, पुढे ये ना, घाट छान दिसतो.” तू म्हणालीस, “बसते गं जरा प्रमीजवळ.” पुष्पे, त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगले. घाटभर मी तुझ्याशी वसतिगृहातल्या गोष्टी बोलत होते, मुद्दाम मोठ्याने, पुढे ऐकू जाईल अशा. त्या पिठल्याच्या पातेल्याची गोष्ट तर दोनदा सांगितली. घरी येऊन तुळशीदासरावांना म्हटलं, सवत पुढे एकटी बसली होती हो, आणि आमची पुष्पी माझ्याजवळ. त्या दिवशी त्यांना आमटी भरपूर मिळाली.

गेल्या सोमवारी हर्षालीचा फोन आला. तुझ्या लेकीवर रागावू नकोस. आईचं कोणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं. तुझ्या कमरेचे फोटो काढलेत, चकती सरकलीय, डॉक्टरांनी धक्के बसतील असा प्रवास पूर्ण बंद सांगितलाय, डावा पाय मध्येच बधिर होतो, आणि तू हे सगळं दाबून ठेवून पुढच्या महिन्यात कच्छला निघालीयेस, हे तिने एका दमात सांगितलं. योगिताला का नाही सांगत, असं विचारलं तर म्हणाली, “आई म्हणते तिने इतक्या हौसेने चाकं दिली, तिला काय वाटेल.” फोन ठेवला. मग मला ती घडीची खुर्ची दिसली. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये. जिथे धक्का सगळ्यांत कमी लागतो. तू माझ्याजवळ नव्हती आलीस गं. तू मधल्या सीटवर आली होतीस.

आणि ती जागा कोणाची असते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? रोज बघते मी. खड्डा दिसला की दोन्ही तळवे सीटवर टेकून अंग अधांतरी उचलणारी बाई मी पाठमोरीही ओळखते. तू घाटात प्रत्येक वळणाला तसं करत होतीस. माझ्या डोळ्यांसमोर, एका हाताच्या अंतरावर. पण मी पिठल्याची गोष्ट सांगत होते. योगिताने पुढून विचारलं, “मजा येतेय ना गं?” आणि तू ओठ आवळून म्हणालीस, “एकदम मस्त.” माझ्या आमटीत मीठ चिमूटभर जास्त पडलं तर तू वाटी सरकवून देतेस, पुष्पे. आजवर माझं असं काहीही तू सोसलेलं नाहीस. आणि तिच्या हौसेपायी कंबर मोडून घेतेस, वर मस्त म्हणतेस. तुझ्या दुखण्याची काळजी मला वाटली, खूप वाटली. पण त्याच्याही आधी हे वाटलं. मी अशीच आहे.

हर्षाली म्हणाली, “मावशी, तू सांग, आई तुझं ऐकते.” ऐकायचीस, कधी काळी. आता मी चाकांविरुद्ध एक शब्द काढला तर तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. शिरपामाळच्या रस्त्यावर म्हणून झालंय. आणि चूक तुझीही नाही. मी खरं सांगितलं तरी ते जळून सांगितल्यासारखंच ऐकू येणार, कारण मी जळतेच आहे. या पत्रातही वरती काय दुसरं केलं? माझ्या तोंडून ती चाकं निघणं शक्य नव्हतं. ज्या एका माणसाच्या तोंडून निघाली असती, त्याचा नंबर मी हर्षालीकडून मागून घेतला.

हो, मी योगिताला फोन केला. मनात नीट जुळवून बसले होते, कसं झोंबेल असं बोलायचं ते. पण तिने “प्रमिलाताई! बोला ना!” असं इतक्या आनंदाने म्हटलं की माझी सगळी वाक्यं विस्कटली. मग जे होतं ते सरळ सांगितलं. चकती, पाय, डॉक्टर, खुर्ची. ती हळूच म्हणाली, “मी चोवीस तास तिच्याबरोबर असते. मला का नाही सांगितलं तिने?” आणि मग, आणखी हळू: “तुम्हाला बरं कळलं.” पुष्पे, तो आवाज मी ओळखला. तो माझाच आवाज होता, दोन कपांच्या फोटोसमोरचा. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आणि मग तितकंच वाईट. ती रडत होती, आणि मी तिची समजूत काढत होते, की अगं, पुष्पी लहानपणापासून अशीच आहे, ताप असला तरी सांगायची नाही. तिची समजूत! मी!

आता का लिहिलं ते सांगते. पुढच्या आठवड्यात योगिता तुला म्हणेल, की या चमकत्या चाकांचा मलाच कंटाळा आला बाई, एकाला चीरही गेलीय, जुनी पंधरा इंचीच परत टाकू. चीर वगैरे काही नाही. कच्छही ती स्वतःहून पुढे ढकलेल, तिच्या भाच्याचं लग्न काढून. तिला भाचा आहे की नाही देव जाणे. हे सगळं आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं, आणि तुला यातलं काही कळू द्यायचं नाही अशी शपथ तिने मला घातली, तुझ्याच गळ्याची. तिला वाटतं, तिच्या भेटीने तुला दुखवलं हे तिला कळलंय असं तुला कळलं, तर तू अवघडशील. शहाणी आहे गं. चांगलीही आहे, मेली. तेव्हा ती म्हणेल त्याला तू मान डोलाव, चाकं निघताना थोडी हळहळ, आणि डॉक्टर सांगतील तितके महिने घरी आडवी पड. पण तिने आपणहून चाकं काढली म्हणून तू गहिवरशील, तिचा हात हातात घेशील, माझी योगिता किती समजूतदार म्हणशील, आणि त्याचा फोटो स्टेटसला टाकशील. आणि मी इथे तो बघून गप्प बसू? तेवढं मोठं मन मला नाही, पुष्पे. म्हणून शपथ मोडली. चाकं तिने काढली असतील, पण ती काढायला लावली मी. हे एवढं फक्त तुला ठाऊक असू दे.

तुझीच, तिच्या कितीतरी आधीपासूनची,
प्रमिला