सातचा निरोप

३ ऑगस्ट

रजा मंजूर! अकरा महिने, बिनपगारी. साहेबांनी अर्ज तीनदा वाचला. "एकटीच? सगळं जग?" मग चष्म्यावरून बघत, "गुपचूप लग्नबिग्न तर नाही ना करत?" एक्केचाळिसाव्या वर्षी बाई पाठीवर पिशवी टाकून निघाली की लोकांना एवढंच सुचतं. सतरा वर्षं रेडिओवर सकाळी सहाला शहराला उठवते आहे. आता अकरा महिने शहराने आपलं आपण उठावं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

५ ऑगस्ट

सांगितलं. आई उसवलेली बाही शिवत होती. डोळे जवळजवळ गेले आहेत, तरी बोटांनी टाके मोजत शिवते. हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "जा."

वाटलं, सुटले! तोवर पुढचं आलं. "रोज संध्याकाळी सातला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे. लिहिलेलं चालणार नाही, मला आता वाचता येत नाही. एक दिवस चुकला की मी पोलिसांत जाईन, वकिलातीत जाईन, तुमच्या रेडिओच्या दारात येऊन बसेन."

जाईलही. कॉलेजच्या सहलीची बस दोन तास उशिरा आली, तेव्हा स्टँडवर आईच्या शेजारी दोन हवालदार उभे होते. पोरं वर्षभर मला 'फरारी' म्हणायची.

८ ऑगस्ट

रोज सात! इकडचे सात म्हणजे तिकडे कुठे पहाटेचे तीन, कुठे भर दुपार. डोंगर चढायचा सोडून मी सिग्नल शोधत पळणार? चिडचिड होते.

तिचं चुकतं असंही नाही. बाबा वीज खात्यात होते, तारांची तपासणी करायचे. मी नऊ वर्षांची. डोंगरातल्या खांबांवर एकटे गेले आणि पाय घसरून ओढ्यात पडले. ऑफिसातल्या एका सोबत्याने चांगुलपणाने मस्टरवर त्यांची सही ठोकली – खाडा पडायला नको म्हणून. एक दिवस नाही, चार दिवस. आई विचारायला गेली की ऑफिसवाले मस्टर पुढे करायचे. "हे बघा ना, हजर आहेत." पाचव्या दिवशी एका गुराख्याला सापडले. डॉक्टर म्हणाले, त्यातले तीन दिवस ते जिवंत असणार.

आई हे कधी बोलत नाही. मला मावशीकडून कळलं.

१४ ऑगस्ट

बोक्याने तोडगा काढला. बोका म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक – गुबगुबीत, आळशी, दुपारी केबलींच्या ढिगावर झोपणारा. कान मात्र सोन्याचे. म्हणाला, "अगं, मग शिळं करून ठेव ना!"

आधीच मुद्रित करून ठेवलेल्या कार्यक्रमाला आम्ही 'शिळं' म्हणतो. सणासुदीला निम्मं स्टेशन शिळ्यावरच चालतं. काल बोललेलं 'आज' म्हणून वाजवण्यात आमची हयात गेली. नव्वद निरोप आत्ताच बोलून ठेवायचे. संगणक रोज सातला एक-एक आईच्या फोनवर पाठवील. नव्वद संपेपर्यंत पुढचे मी कुठूनतरी करून पाठवीन. आईची उत्तरं मला सवडीने ऐकता येतील.

इतकं सोपं! आणि खोटं तरी कुठे आहे? आवाज माझाच आहे.

२० ऑगस्ट

चार दिवसांत बहात्तर झाले. दमलेली मी, आनंदी मी, नाक चिमटीत धरून सर्दी झालेली मी. "आई, आज खूप चालले. पाय बोलायला लागलेत. पण मस्त आहे मी, काळजी करू नकोस." – बहात्तर वेळा काळजी करू नकोस.

बोका काचेपलीकडून मान हलवतो. "इतका स्वच्छ आवाज? बाजारात उभी आहेस की आंघोळीला?" मग मागे गर्दी घालतो, वारा घालतो, बंदर घालतो. आमच्या श्रुतिकांसाठी जमवलेले सगळे आवाज आहेत त्याच्याकडे.

२३ ऑगस्ट

झाले नव्वद. भांडणही झालं. एकतिसाव्या निरोपात मागे डोंगरातली वस्ती हवी होती, तर या शहाण्याने तिथे तो कुत्रा घातला! तीनदा भुंकतो आणि शेवटी कुंईऽ करतो. वीस वर्षं आमच्या प्रत्येक श्रुतिकेत हाच कुत्रा. खून झाला की हाच, पाहुणे आले की हाच. आई दर रविवारी श्रुतिका ऐकते आणि तो भुंकला की हसते – "आला बाई तुमचा कुत्रा!"

"काढ तो. आई एका फटक्यात ओळखेल."

"काढतो की. उद्या."

बोक्याचा उद्या! स्टुडिओच्या दाराची कडी गेली तीन वर्षं उद्या बसणार आहे.

२९ ऑगस्ट

आईने माझा सगळा रस्ता जुन्या चादरीवर शिवला. मी देश सांगत गेले, ती जाड दोरा घालत गेली. मुक्काम आला की गाठ. आता तिला बोटाने चाचपून कळेल मी कुठे आहे. "पहिली गाठ बंदर. दुसरी तलावाचं गाव. तिसरी डोंगरातलं गाव. चौथी ती खिंडीतली झोपडी. बरोबर?" तारखांसकट पाठ!

मला एकदम रडू आलं. सांगून टाकावं वाटलं. नाही सांगितलं.

५ सप्टेंबर

शेवटचा दिवस स्टेशनवर. बोक्याला बजावलं – "मी डोंगरात असेन, महिना महिना फोन लागणार नाही. काही झालं तरी निरोप थांबवायचे नाहीत. एक दिवस चुकला तर आईचा रक्तदाब कुठे जाईल सांगता येत नाही."

"काही झालं तरी?"

"काही झालं तरी! शपथ घे."

घेतली. तोंड पाडून घेतली, का कोण जाणे.

६ सप्टेंबर

निघाले. पिशवी चौदा किलो. आईने पट्ट्यांवर दुहेरी शिलाई मारून दिली. दारात माझ्या गळ्यावर हात ठेवला, म्हणाली, "खरी बोलत जा. मला आवाजावरून कळतं." बसमध्ये सात वाजता घड्याळ बघितलं. निरोप क्रमांक एक गेला असणार. मी तेव्हा घोरणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून पिशवी सावरत होते.

११ सप्टेंबर

सीमा ओलांडली! चौकीवरच्या बाईने शिक्का मारताना विचारलं, एकटी? सगळीकडे हा एकच प्रश्न. बंदरावर आले. समुद्राकडे बघत दोन तास नुसती बसले. कोणाला काही सांगायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

१९ सप्टेंबर

तलावाच्या गावी आईची उत्तरं एकदम ऐकली. एका निरोपात मी सर्दी झाल्यासारखी बोलले होते ना – तर, "नाकात बोलत होतीस, वाफ घे." हसले. आणि संध्याकाळपासून खरंच नाक वाहतंय. काहीतरीच वाटलं – मी आधी बोलून ठेवायचं आणि अंगावर नंतर यायचं.

२६ सप्टेंबर

आईचं कालचं उत्तर चार वेळा ऐकलं. "परवा मागे जहाजाचा भोंगा वाजला. तुझा मुक्काम तर तलावाच्या गावी होता ना? आणि भोंगाही ओळखीचा वाटला गं."

मेले! तिने चादर चाचपली असणार. ताबडतोब फोन लावला. म्हटलं, तलावात बोटी असतात, भोंगे काय सगळीकडे सारखेच. ती म्हणाली, "असेल बाई." फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "आवाज खरा आहे ना तुझा?" हो म्हटलं.

बोक्याला निरोप टाकला: आईला भोंगा खटकला आहे. एकतीसमधला कुत्रा काढलास का? उत्तर आलं: "उद्या नक्की." दात-ओठ खाल्ले. आज कर, म्हणून परत लिहिलं.

३० सप्टेंबर

डोंगरातलं गाव, आठ घरं. दुकानवाली म्हातारी हातवारे करून सांगत होती – मोसम संपला. झोपडी रिकामी. बर्फ वितळेपर्यंत वर कोणी जात नाही. माझ्या पाठीवर थाप मारून विचारलं, घरी माहीत आहे? मी ऐटीत सांगितलं, आईला रोज निरोप जातो! तिने समाधानाने मान हलवली आणि बिस्किटांचे दोन पुडे जास्त दिले.

२ ऑक्टोबर

झोपडी लांबून दिसत होती. पायवाटेची कड ढासळली. बारा-पंधरा फूट खाली. डावा पाय घोट्यावरून वाकडा झाला आहे. फोन दरीत. सरपटत झोपडीपर्यंत यायला अख्खा दिवस लागला.

३ ऑक्टोबर

पाय काळानिळा, मांडीएवढा सुजला आहे. पिंपात पाणी आहे. बिस्किटं सहा पुडे. दारात बसून ओरडले. सतरा वर्षं शहराला उठवणारा आवाज – समोरच्या कड्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. पण कोणीतरी येईल. एक दिवस निरोप चुकला की आई आकाशपाताळ एक करील.

आणि मग आठवलं. निरोप चुकणारच नाही.

आज अठ्ठाविसावा. 'आई, आज नुसता आराम. ऊन मस्त पडलंय.'

४ ऑक्टोबर

ताप. अजून साठच्या वर निरोप शिल्लक आहेत. बोका शपथेचा पक्का, थांबवणार नाही. मीच त्याचं तोंड बांधून आले. बाबांच्या सह्या चारच होत्या. मी माझ्याच मस्टरवर नव्वद ठोकून ठेवल्या. आई हजेरी ऐकते आहे आणि खूश आहे. आई, मला माफ कर. फार भीती वाटते आहे.

५ ऑक्टोबर

सकाळी पाऊल बधिर. खिडकीला बर्फाची पहिली भुकटी. पेन धरवत नाही. दुपारभर आईचा हात आठवत होते, चादरीवरून चालणारा. चौथ्या गाठीवर बोट थांबलं असेल. ठरल्या रस्त्याने आले, एवढी एकच गोष्ट शहाणपणाची केली.

६ ऑक्टोबर

आज एकतिसावा. तिकडे सात वाजत आले असतील.

देवा, बोक्याचा उद्या अजून उजाडलेला नसू दे. आई, नीट ऐक. मागे कुत्रा भुंकेल.