सगळ्यांची एकच जीप

४ जानेवारी
आज गावातल्या बायकांच्या सभेत बोलले! "बायका नशिबाने मरत नाहीत, वेळेवर गाडी न मिळाल्याने मरतात! गाडी ठरवा, रक्त देणारा ठरवा, पिशवी भरून ठेवा!" टाळ्याच टाळ्या. नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा तुमचं पोटच जास्त बोललं."
घरी सासूबाईंचा एकच प्रश्न — "तुझी पिशवी भरलीस?"
पिशवी अजून खुंटीलाच लटकतेय.

५ जानेवारी
पिशवी भरली. दुपटी, तपासणीचे कागद, दोन जाड पुस्तकं. सासूबाईंनी पुस्तकं काढून जुनी लुगडी कोंबली. "तिथे वाचायला जायचं नाहीये, विदुषी!"
मागच्या खेपेला रक्त थांबता थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — घरी बाळंतपण अजिबात नाही. रक्त द्यायला धाकटे भाऊजी तयार आहेत. सुई दिसली की डोळे फिरतात त्यांचे! "वहिनी, मी आडवा पडलो तरी काढून घ्या म्हणावं."

९ जानेवारी
जीपवाल्याकडे गेले. तो डोकं खाजवत हसला. "ताई, भाषण फारच लागू पडलं. गावातल्या सगळ्या गरोदर बायांनी मलाच ठरवलंय!"
सगळ्यांनी! गावात जीपच एक! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?
नवरा हसून हसून लोळला. "क्रांती झाली गं! बसवायची कुठे?"

१० जानेवारी
सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. दूधवाल्याचा टेम्पो मिळाला, वीटभट्टीचा ट्रकही. सुताराची पहिलटकरीण सून ठसक्यात म्हणाली, "ट्रकमध्ये मी नाही! बाळाच्या आधी माझी हाडं बाहेर येतील."
शेवटी ठरलं — जिला धोका जास्त, तिला जीप. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, पुढाऱ्याने शेवटी बसावं. सासूबाई कडाडल्या, "पुढारी बाळंत होत नसतात. खाली बस! जीप तुझी." सगळ्यांचे हात वर. माझ्याच सभेत मी आपटले!

१८ जानेवारी
पाय जड झालेत. तोंड मात्र चालू आहे — नवऱ्याचा शेरा.

२१ जानेवारी
सुताराच्या सुनेला सकाळपासून रक्त जातंय. सुतार धावत आला, जीप नेऊ का विचारायला. जीपच्या मागच्या बाकावर एकच बाई आडवी मावते. "न्या तिला," म्हटलं. सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं. "तुझं काय?" — "माझं कुठे काय!"
जीप वळणापलीकडे दिसेनाशी झाली. पहाटेपासून मला कळा येतायत. आता सांगते सासूबाईंना.